रेस्क्यू मांजराच्या ‘खोडी’: वाचकांचे प्रश्न

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेल्या मांजरांबद्दलची बहुतेक पत्रं ‘डॉक्टर, ही खोड कशी मोडायची?’ या वाक्यावर संपतात. मांजराची तपासणी झाली आहे का, हे त्यात क्वचितच असतं. मांजर दुखणं लपवतं. ते कण्हत नाही, तर चावतं, कोपरा धरतं किंवा गादीवर शू करतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत ‘दवाखान्यात न्या’ आलं आहे. त्याला इलाज नाही.

प्रश्न: घरी आणून चार दिवस झाले, मांजर पलंगाखालून निघत नाही. ओढून बाहेर काढू का?

उत्तर: नको. रात्री येऊन खातंय का आणि शू-शीचा ट्रे वापरतंय का, एवढंच पाहा. दोन्ही होत असेल तर ठीक चाललंय. सुरुवातीला अख्खं घर मोकळं न देता एकच लहान खोली द्या. तिच्यात दोन बाजूंनी तोंड असलेलं खोकं, एका टोकाला ट्रे आणि दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी ठेवा. दिवसातून दोन-तीनदा जाऊन जमिनीवर बसा, पण त्याच्याकडे टक लावून पाहू नका. ते आपणहून जवळ येईपर्यंत हात पुढे करायचा नाही. मात्र मोठ्या मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर दवाखान्यात फोन करा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि त्यातून ते दगावू शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराला लागू नाही. पिल्लू असेल तर दिवसभरही थांबू नका.

प्रश्न: रोज दूध दिलं तर लवकर माणसाळेल का?

उत्तर: नाही. जुलाब मात्र लागू शकतील.

प्रश्न: नसबंदी झालेला तीन वर्षांचा बोका पाच महिन्यांपूर्वी दत्तक घेतला. कालपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो. आज न्हाणीघरात चार थेंब शू केली. घरात बाळ आलंय म्हणून तो सूड उगवतोय, असं सगळे म्हणतात. त्याला लांब ठेवायला कोणता स्प्रे वापरावा?

उत्तर: यांना उत्तर लगेच कळवलं होतं: बोक्याला पिंजऱ्यात घाला आणि निघा. इथे छापतो आहे ते इतरांसाठी, कारण हेच वर्णन पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी त्यात ‘कालपासून’ किंवा ‘परवापासून’ असतं.

सूडबीड काही नाही. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे यांचा बूच तिथे अडकतो किंवा नुसता मार्ग आवळला जातो. शू अडली की मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो. ट्रेमध्ये वारंवार बसणं, कुंथणं, थेंब-थेंब किंवा रक्ताळलेली शू, शूची जागा सतत चाटणं ही सुरुवात असते. उलट्या, खाणं सोडणं, निपचित पडणं हा पुढचा टप्पा, आणि तो ‘चला, आता शांत झाला’ असा चुकीचा वाचला जातो.

घरी काय करू नये, तेही सांगतो. कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ समजून रेचक देऊ नका. सिरिंजने पाणी पाजू नका. बाहेरची वाट बंद असताना आत आणखी भरून काय होणार? पोट दाबून शू काढायला तर अजिबात जाऊ नका; भरलेलं मूत्राशय संत्र्याएवढं टणक लागतं आणि दाबल्यावर फुटू शकतं. दुकानातून कुणाला तरी लागू पडलेलं अँटिबायोटिक आणू नका. तरुण मांजरांत या त्रासामागे जंतुसंसर्ग सहसा नसतोच. फोनवर एवढंच सांगा: ‘नर मांजर आहे, इतक्या तासांपासून शू होत नाही.’ हे ऐकून कुणी उद्याची वेळ दिली तर दुसरा दवाखाना गाठा. तिथे भूल देऊन नळी घालतात, सलाइन लावतात आणि बहुधा काही दिवस ठेवून घेतात.

बाळाचा संबंध असू शकतो, पण वेगळ्या वाटेने. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं हा मांजरांतला नेहमीचा आजार आहे आणि घरातला बदल त्याला निमित्त होतो. म्हणून मोकळा होऊन घरी आल्यावर खरं काम सुरू होतं: ओलं खाणं, दोन-तीन ठिकाणी पाणी, बाळाचा हात पोहोचणार नाही अशी उंच जागा, जेवणाच्या आणि खेळण्याच्या ठरलेल्या वेळा. हा त्रास उलटतो. गुठळी होणारं लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) वापरलंत तर ट्रे साफ करताना गोळे मोजता येतात. साधारण दिवसाला दोन ते चार. गोळे एकदम बारीक आणि पुष्कळ झाले, किंवा एकही दिसला नाही, तर मला पत्र लिहीत बसू नका.

भाटी, म्हणजे मादी, अशी तुंबणं दुर्मीळ, पण सूज तिलाही येते आणि तितकीच दुखते. तिलाही त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: माझी भाटी शू ट्रेमध्ये करते, शी मात्र ट्रेच्या बाहेर. तपासणीत काही निघालं नाही. ट्रे झाकणाचा आहे, सुगंधी लिटर आहे.

उत्तर: तपासणी आधी केलीत, बरं वाटलं. दोष ट्रेचा दिसतो. झाकण आणि सुगंध या दोन्ही गोष्टी माणसाच्या नाकासाठी विकल्या जातात. झाकणाखाली वास कोंडतो तो मांजराला सोसावा लागतो. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. दुकानातले बरेच ट्रे यात बसत नाहीत. प्लास्टिकचं रुंद टब आणून एक बाजू खाली कापली तरी चालतं, कडा तेवढ्या घासून घ्या. त्यात बिनवासाचं बारीक लिटर ३-४ सेंटीमीटर घाला आणि दिवसातून दोनदा उपसा. ट्रेंची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त ठेवा, पण एकाच ओळीत नको. मांजराच्या दृष्टीने तो एकच ट्रे होतो. लिटर बदलताना जुना ट्रे लगेच उचलू नका, नवा शेजारी ठेवून तिला निवडू द्या.

बाहेर घाण झालेली जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. फिनाईल नको. फिनॉलसारखे पदार्थ निष्प्रभ करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, आणि पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं. मांजर त्या जागी जाऊ नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायचा सल्ला फिरतो, त्याही विषारीच.

प्रश्न: दहा महिन्यांचा बोका पडद्यांवर उभ्याने, शेपूट थरथरवत शू मारतो. डिफ्यूझर घ्यावा का?

उत्तर: आधी नसबंदी. दहातल्या नऊ बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं, पण काही आठवडे लागू शकतात. फेरोमोनचा (मांजराला आश्वस्त करणारा गंध हवेत सोडणारा) डिफ्यूझर जोडीला लावायला हरकत नाही. तो एका खोलीपुरता असतो आणि महिनाभर सतत चालू ठेवल्याशिवाय त्याचं मोल ठरवता येत नाही. नसबंदीऐवजी तो विकणाऱ्याचं ऐकू नका.

प्रश्न: मांडीवर येऊन बसते, कुरवाळून घेते आणि अचानक चावते.

उत्तर: अचानक नसतं. शेपटीचं टोक हलतं, कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते, घुरघुर थांबते. गाल आणि हनुवटी तीन-चार सेकंद खाजवा आणि हात काढा. तिने डोकं पुढे केलं तरच पुन्हा. पोट आणि शेपटीचं बूड टाळा. पूर्वी चालायचा तो स्पर्श आता खपत नसेल तर दात, सांधे, पाठ तपासून घ्या.

चावलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम नगण्य दिसते आणि आत पू होतो. रेबीज आणि धनुर्वाताची लस कधी आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. ‘घरचंच मांजर आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

प्रश्न: दोन भाट्या दोन वर्षं एकत्र झोपायच्या. खिडकीबाहेर परकं मांजर दिसलं आणि एकीने दुसरीवर हल्ला केला. आता दोघी एकमेकींवर फिस्कारतात.

उत्तर: राग बाहेरच्या मांजराचा, निघाला जवळच्या भाटीवर. मध्ये हात घालू नका. पुठ्ठा किंवा उशी आडवी धरा. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. हा भडका काही तासांत उतरतो, कधी काही दिवस लागतात. खिडकीचा खालचा भाग कागदाने झाका. मग नव्या मांजरांची ओळख करून देतो तसं पहिल्यापासून करा: अंथरुणांची अदलाबदल, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग फटीतून, मग जाळीतून. कुणी गुरगुरलं तर एक पायरी मागे. ‘लढू दे, आपोआप ठरेल कोण मोठं’ असं सांगणाऱ्याला घराबाहेर ठेवा. पंधरा दिवसांत फरक नसेल तर दोघींची तपासणी करा.

प्रश्न: सोफा फाडते. नखं कायमची काढता येतात का?

उत्तर: ती शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापणं. करू नका. सोफ्याला लागून ९० सेंटीमीटर उंच, न डगमगणारा, सिसलची दोरी गुंडाळलेला खांब ठेवा.

प्रश्न: शांत राहावी म्हणून माणसांची अर्धी गोळी चालेल का? ऑनलाइन मिळणारे ‘नैसर्गिक’ थेंब?

उत्तर: नाही आणि नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारायला पुरते, आणि घरातल्या डब्यात ‘साधी गोळी’ म्हणून बहुधा तीच असते. ‘नैसर्गिक’ हा शब्द तर काहीच सांगत नाही. टी ट्री तेलही नैसर्गिकच आहे आणि मांजराला विषारी आहे. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध उरलंय म्हणून मांजराला लावणाऱ्यांचीही पत्रं येतात. त्याने झटके येतात. चिंतेवर मांजरांना चालणारी औषधं आहेत, पण ती वजन पाहून, बहुधा रक्त तपासून दिली जातात, आणि काहींचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधेच मनाने बंद करायची नाहीत.

प्रश्न: अकरा वर्षांची आहे, हल्ली पहाटे तीनला मोठमोठ्याने ओरडते. दुर्लक्ष करू का?

उत्तर: तरुण मांजर असतं तर झोपण्याआधी खेळ, मग जेवण, आणि पहाटेच्या ओरडण्याला शून्य प्रतिसाद, एवढं सांगितलं असतं. या वयात आधी रक्तदाब, थायरॉइड आणि मूत्रपिंडं तपासा. खाणं वाढून वजन घटत असेल तर याच आठवड्यात.

प्रश्न: मोठी भटकी भाटी आणून दीड वर्ष झालं. घरात निर्धास्त वावरते, पण हात लावू देत नाही. आमचं काय चुकतंय?

उत्तर: काही नाही. पिल्लं माणसाला सरावतात ती मुख्यतः वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो काळ रस्त्यावर माणसांपासून लांब गेला असेल तर काही मांजरं मांडीवर कधीच येत नाहीत. तिला पिंजऱ्याची सवय मात्र आत्तापासून करा. पिंजरा कायम उघडा ठेवा आणि आवडीचं खाणं त्यातच द्या. पकडता न येणाऱ्या मांजराला आजारी पडल्यावर दवाखान्यापर्यंत नेण्याचा तोच एक मार्ग असतो.