किंग्ज स्कॉलर झाला म्हणजे फी माफ? आमचा अनुभव

ताई, 'ईटनची (इंग्लंडमधली मुलांची निवासी शाळा) किंग्ज स्कॉलरशिप मिळाली की फी माफ ना? आणि काळ्या गाऊनमुळे पोरगा वेगळा पडेल का?' ही तुमची पोस्ट वाचली आणि आमची तेव्हाची घालमेल आठवली. परीक्षेच्या तयारीबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडतो.

सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये शाळा काढली ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला. आजही स्कॉलर साधारण 70च असतात, 'कॉलेज' नावाच्या शाळेच्याच वसतिगृहात एकत्र राहतात, नावापुढे 'केएस' लागतं. 'फुकट' मात्र इतिहासजमा झालं. आता स्कॉलरशिप हा मान. खरी मदत बर्सरीची, म्हणजे फीसवलतीची, ती घरचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरते आणि तिचा अर्ज वेगळा असतो.

आम्ही इथेच फसलो. मुलाच्या आधीच्या शाळेच्या ऑफिसात तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, 'आधी निकाल तर येऊ द्या.' आम्ही विश्वास ठेवला. अर्ज उशिरा गेला, कागद तपासण्यात महिने गेले आणि ठाण्यातल्या घरासाठी ठेवलेली एफडी मोडून पहिल्या दोन टर्मची फी भरली. 'मला माहीत नाही, थेट ईटनला विचारा' एवढं जरी कोणी म्हटलं असतं! अजून राग जात नाही. तेव्हा परीक्षेचा फॉर्म भराल त्याच आठवड्यात बर्सरीचं विचारा, तेही लेखी. (नियम बदलतात, आमच्या वेळचे आता तसेच असतील असं नाही.)

गाऊनची काळजी नको. तो स्कॉलर घालतात, म्हणून त्यांना 'टग' म्हणतात, लॅटिन 'टोगा' (झगा) वरून. बाकी हजारावर मुलं 'ऑपिडन', म्हणजे मुळात गावात राहणारी. दरवर्षी सेंट अँड्र्यूज डेला दोन्ही गटांचा वॉल गेम (भिंतीलगत खेळायचा, फुटबॉलसारखा ईटनचा खेळ) होतो. 70 जणांतले दहा हजारावर मुलांतल्या दहांना भिडतात, आणि त्या दिवशी आमचा अबोल पोरगा घसा बसेपर्यंत ओरडला. माझ्या मते बुजऱ्या, वाचनवेड्या मुलाला कॉलेजइतकी चांगली जागा नाही. तुमचा मुलगा घोळक्यात रमणारा असेल तर मात्र त्यालाच विचारा.

लंडनची वेस्टमिन्स्टर शाळाही मनात असेल तर तिथल्या स्कॉलरांना ब्रिटनच्या राज्याभिषेकात 'विवाट'चा (लॅटिनमध्ये 'चिरायू होवो') जयघोष करायचा मान आहे, 2023 मध्येही त्यांनी तो केला. पैशाची चौकशी तिथेही वेगळीच करा.

आणि बर्सरीच्या अर्जात भारतातलं घर, भाडं, एफडी सगळं लिहा. ते कागद गोळा करायलाच आम्हाला सहा आठवडे लागले.