वाचकांचे प्रश्न : घर घेताना एजंटला किती आणि केव्हा द्यायचे?

प्रश्न : आम्ही कोथरूडमध्ये एका जुन्या सोसायटीतील ८५ लाख रुपयांचा फ्लॅट घेण्याचे ठरवत आहोत. एजंट दोन टक्के दलाली, त्यावर जीएसटी आणि ‘कागदपत्रांचे’ म्हणून वेगळे ३५ हजार रुपये मागत आहे. सगळी रक्कम टोकन देण्याच्या दिवशीच हवी, असे त्याचे म्हणणे आहे. दर सरकारनेच ठरवून दिलेला आहे, असेही तो सांगतो. हे खरे आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. घरखरेदीच्या दलालीचा दर महाराष्ट्रात कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. घरबांधणी आणि घरविक्री व्यवसायाचे नियमन करणारा २०१६ चा रेरा कायदा एजंटने नोंदणी कशी करावी आणि ग्राहकाशी कसे वागावे हे सांगतो, पण त्याने किती टक्के घ्यावेत याबद्दल त्यात एक शब्दही नाही. पुण्या-मुंबईत पुनर्विक्रीच्या व्यवहारात प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के घेण्याचा प्रघात आहे. तो प्रघातच असल्याने त्यावर घासाघीस करण्यात गैर काहीही नाही. हे बोलणे मात्र घर पसंत पडण्याआधी झाले पाहिजे, कारण घर मनात भरल्यावर दलालीबद्दल ठामपणे बोलणे बहुतेकांना जड जाते.

तुमच्या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहा. ८५ लाखांवर दोन टक्के म्हणजे १,७०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३०,६०० रुपये, म्हणजे एकूण २,००,६०० रुपये होतात. दर एक टक्क्यावर आला, तर हीच रक्कम करासह १,००,३०० रुपये होते. जीएसटी आकारण्याचा हक्क फक्त जीएसटी नोंदणी असलेल्या एजंटलाच आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या अनेक लहान एजंटांना ती नोंदणी बंधनकारक नसते आणि मग कर म्हणून वेगळी रक्कम मागण्याचा अधिकारही त्यांना राहत नाही. म्हणून त्याचा पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक मागा. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसते. ‘रोख द्या, जीएसटी वाचेल’ असा प्रस्ताव आला, तर तो नाकारावा, असे मी आग्रहाने सांगेन. उद्या हे घर विकताना भांडवली नफ्याचा हिशेब करावा लागेल, तेव्हा आज दिलेली दलाली खरेदीच्या खर्चात धरायची असेल, तर तिचे बिल आणि बँकेची नोंद दोन्ही हाताशी हवीत.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला टोकनच्या दिवशी पूर्ण दलाली देण्याची वाटते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल, तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. टोकन देणे म्हणजे काम पूर्ण होणे नव्हे. टोकननंतरही विक्रेत्याच्या वारसांपैकी कोणी हरकत घेऊ शकतो, सोसायटीची थकबाकी निघू शकते किंवा तुमचे कर्ज नामंजूर होऊ शकते. अशा वेळी दिलेली दलाली परत मागत फिरण्याची पाळी खरेदीदारावर येते आणि ती सहसा सुखाची नसते. त्यामुळे निम्मी दलाली साठेखताची (विक्रीच्या प्राथमिक कराराची) दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाल्यावर आणि उरलेली खरेदीखत होऊन किल्ल्या हातात आल्यावर, अशी विभागणी मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण जुन्या घरांच्या व्यवहारात एजंटची खरी गरज याच दोन टप्प्यांच्या मधल्या काळात पडते. दर, हप्ते, जीएसटी आणि व्यवहार फिसकटल्यास काय करायचे, एवढे चार मुद्दे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चांगला एजंट याला हरकत घेत नाही.

तो विक्रेत्याकडूनही दलाली घेणार आहे का, हेही त्याच कागदावर नोंदवा. दोन्हीकडून घेण्याची रीत सर्रास आहे. मात्र विक्रेत्याला जास्त किंमत मिळाली तर एजंटची दलालीही वाढते, हे ध्यानात ठेवून किंमतीबाबतचा त्याचा सल्ला तपासून घ्यावा.

३५ हजारांबद्दल बोलायचे, तर एजंटकडून बाबनिहाय तपशील मागा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क ई-चलनाने थेट शासनाकडे भरता येते, त्यासाठी रक्कम एजंटच्या हाती देण्याचे कारण नाही. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) कितीही सांगितले गेले, तरी शासनाच्या परिपत्रकानुसार त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि ते सोसायटीला धनादेशाने देऊन पावती घ्यायची असते. मालकी हक्काचा तपास आणि दस्ताचा मसुदा हे काम तुम्ही स्वतः निवडलेल्या वकिलाकडेच द्यावे. एवढे वगळल्यावर ३५ हजारांत काय उरते, ते एजंटलाच विचारावे.

एक गोंधळ वारंवार होतो, म्हणून जाता जाता सांगतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) कापून सरकारकडे भरायचा असतो. तुमच्या बाबतीत तो ८५,००० रुपये, म्हणजे एक टक्का दलालीइतकाच होतो, पण तो विक्रेत्याचा प्राप्तिकर आहे. त्याचा दलालीशी काहीही संबंध नाही.

प्रश्न : ठाण्यात बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर पाहिले. बिल्डर एजंटला पैसे देतो असे ऐकले होते, पण हा एजंट आमच्याकडेही एक टक्का मागतो. द्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्या प्रकल्पात एजंटला मोबदला सामान्यतः बिल्डरच देतो, त्यामुळे तुमच्याशी आधी लेखी ठरलेले नसेल, तर देण्याची गरज नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक आहे आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्याचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर पडताळून पाहा. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास रेरा कायद्याच्या कलम ६२ नुसार दररोज १०,००० रुपये, एकूण मिळून घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची सर्व माहिती व कागदपत्रे तुम्हाला मिळतील हे पाहणे ही कलम १० नुसार एजंटची जबाबदारी आहे. ती तो पाळत नसेल, तर कलम ३१ खाली महारेराकडे बिल्डरप्रमाणेच एजंटविरुद्धही तक्रार करता येते. वरच्या कोथरूडच्या फ्लॅटसारख्या जुन्या, रेरा नोंदणी नसलेल्या इमारतीतील व्यवहाराला मात्र हा मार्ग लागू नाही. तिथे दलालीबाबत फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही.