व्हीगन राहूनही सरकारं ढिम्म हलत नाहीत; मग हा खटाटोप कशासाठी चालू ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की दूध, अंडी, मध सगळं सोडून काही वर्षं झाली, निवेदनांवर सह्या केल्या, मतदानही विचारपूर्वक केलं, पण प्रत्येक वेळी पदरी निराशाच आली. आता घरात जेवताना खटके उडतात आणि "मी एकट्याने न खाल्ल्याने काय होणार?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. मीही व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, आणि प्राण्यांसाठीच्या कामात जमेल तसा भाग घेते, म्हणून उत्तर लिहिते आहे.

तुमचा राग रास्त आहे. युरोपचंच बघा. जनावरांना पिंजऱ्यात ठेवणं बंद करा, या मागणीवर तिथल्या जवळजवळ १४ लाख नागरिकांनी रीतसर सह्या केल्या. जून २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनचे कायदे सुचवणाऱ्या यंत्रणेने, जाहीर केलं की २०२३ संपायच्या आत कायद्याचा प्रस्ताव मांडू. २०२३ संपलं, प्रस्ताव आला नाही. लोकांनी सगळे नियम पाळले होते, मुदतही मिळवली होती. त्याच युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की काही अपवाद सोडता वनस्पतीजन्य पदार्थ 'दूध', 'लोणी', 'चीज' या नावांनी विकता येणार नाहीत.

पैशाची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांच्या २०२१ च्या अहवालानुसार जगभरातली सरकारं शेती उत्पादकांना वर्षाला सुमारे ५४० अब्ज डॉलरचा आधार देतात. त्यातला ८७ टक्के भाग एक तर किमती वाकवणारा आहे, नाही तर निसर्गाला आणि समाजाला घातक आहे. सर्वाधिक आधार मिळणाऱ्यांत गोमांस आणि दूध आहे. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार मांस, अंडी, दूध आणि मत्स्यशेती मिळून जगातली सुमारे ८३ टक्के शेतजमीन व्यापतात आणि उष्मांक देतात फक्त १८ टक्के. म्हणजे या सरकारी आधारापायी तुम्ही टाळता त्या वस्तूचा काही खर्च करातून आधीच तुमच्या खिशातून गेलेला असतो. हे कळल्यावर संताप होणारच.

पण या संतापाचा हिशोब तुम्ही ताटाकडे मागताय, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. ताट म्हणजे मतपत्रिका नव्हे. लाच न देणारा माणूस देशातला भ्रष्टाचार संपला नाही म्हणून लाच द्यायला लागत नाही. ते त्याचं स्वतःचं वागणं असतं. प्राण्याला आपल्यासाठी त्रास होऊ नये, एवढ्यासाठी तुम्ही हे सोडलंत. कोणी मंत्री ऐको न ऐको, ते कारण तसंच उभं आहे. आपण न खाल्ल्याने धोरण बदलेल या अपेक्षेनेच माणूस दमतो.

धोरणासाठी वेगळं काम करावं लागतं आणि ते आपल्या आसपासच्या ठिकाणी केलं तर फळतं, असा माझा अनुभव आहे. पोर्तुगालने २०१७ मध्ये कायदा करून सरकारी रुग्णालयं, शाळा, विद्यापीठं, तुरुंग अशा सगळ्या ठिकाणच्या उपाहारगृहांत प्राणिजन्य घटक नसलेला किमान एक पर्याय सक्तीचा केला. न्यूयॉर्क शहराच्या ११ सार्वजनिक रुग्णालयांत २०२२ पासून रुग्णाला आधी वनस्पतीजन्य जेवण सुचवतात. नको असेल तर दुसरं मिळतं. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांतल्या एका अभ्यासात मांसविरहित पदार्थांचं प्रमाण चारातल्या एकावरून दोनावर नेलं, तर त्यांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. कोणाला काही पटवून द्यावं लागलं नाही, फक्त फळ्यावरची नावं वाढली.

मी काम करते तिथे आम्ही काही जणांनी हेच केलं. प्राणिहक्कांवर भाषण दिलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या दादांशी बोललो, तेव्हा कळलं की बहुतेक भाज्या तेलातच होतात आणि लोणी अगदी शेवटी, चकाकी यावी म्हणून वरून पडतं. मग लोणी घालायच्या आधी एक भांडं बाजूला काढायचं, एवढंच ठरलं. कंत्राटदाराची हरकत एकच होती, उरलं तर नुकसान कोणाचं? सुरुवातीला आदल्या दिवशी नावं घेतली आणि ती हरकत मिटली. आता त्या भांड्यातलं व्हीगन नसलेलेही घेतात.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. तुमच्या प्रश्नात थकवा आणि चिडचिड हे शब्द आलेत, म्हणून विचारते: बी-१२ हे जीवनसत्त्व घेता का? ते जिवाणू बनवतात, वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. व्हीगन लोकांची 'व्हीगन सोसायटी' ही संस्था रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. कमतरतेने थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, मनही खचतं. सगळा दोष राजकारणाला देण्याआधी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. लोहासाठी जेवणात काहीतरी आंबट ठेवा आणि चहा जेवणाला लागून पिऊ नका.

वेष्टनावर केसिन, व्हे (ही दोन्ही दुधातली प्रथिनं) किंवा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडां-कातड्यापासून केलेलं) दिसलं तर ती वस्तू परत ठेवून द्या. पण "दुधाचा अंश असू शकतो" ही ओळ अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी असते, तिच्यासाठी जीव टांगणीला लावू नका. औषधाच्या कॅप्सूलमध्ये जिलेटिन असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर औषध घ्या. १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या त्याच व्हीगन सोसायटीने केलेल्या व्हीगन राहण्याच्या आजच्या व्याख्येत "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" असं स्पष्ट म्हटलंय. त्यापेक्षा कडक नियम स्वतःला लावणारे लवकर सोडून देतात, असं मी पाहिलंय.

घरच्यांशी जेवताना वाद नकोच. तोंडात घास असलेल्या माणसाला त्याच घासाबद्दल बोललेलं लागतं. बोलायचं तर जेवणं आटोपल्यावर बोला आणि अधूनमधून सगळ्यांचा स्वयंपाक स्वतः करा.

तुम्ही शिकता किंवा काम करता तिथे उपाहारगृहाची समिती आहे का आणि कंत्राट पुन्हा कधी निघणार आहे, ते आधी शोधा. कंत्राटाच्या अटी लिहिल्या जातात तेव्हाच एक ओळ घालून घेणं सोपं असतं, नंतर जड जातं. इथे कळवलंत तर अर्जाचा मसुदा करायला मी मदत करेन.