सासूबाईंची अळंबीची पारख बव्हेरियात चालेल का?

प्रश्न: बाई, नमस्कार. आम्ही म्युनिकजवळ राहतो. मुलीच्या वर्गातल्या, आमच्या शेजारच्याच एका कुटुंबाने ऑक्टोबरातल्या एका रविवारी जंगलात अळंबी गोळा करायला बोलावलंय. सासूबाई सध्या कुडाळहून आल्या आहेत. त्या म्हणतात, "माझो जल्म गेलो अळंबी काढण्यात, माका काय शिकवतले ते?" नवऱ्याचं दुसरंच: चेर्नोबिलमुळे इथली अळंबी खाऊच नये. जावं की नको? आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर: जा. सासूबाईंनाही न्या. फक्त टोपली त्यांच्या हातात द्या आणि निवड शेजाऱ्यांच्या.

मीही सिंधुदुर्गातलीच, आणि पुढे वनस्पतिशास्त्र शिकवताना बव्हेरियातल्या जंगलांत बरीच भटकले. सासूबाईंची पारख खोटी नाही. आपल्याकडची श्रावणातली अळंबी वारुळाशी बांधलेली. वाळवी ती जमिनीखाली पोसते, म्हणून लांब मुळासारखा देठ खालपर्यंत जातो आणि दरवर्षी त्याच जागी ती उगवते. ती जागा माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. पण जर्मनीत तशी वाळवीही नाही आणि ती अळंबीही नाही. जंगलात पाइनच्या सुयांचे मोठे ढीग दिसतील. ते लाल मुंग्यांचे असतात. सासूबाई वारूळ समजून काठीने उकरायला जातील, तेव्हा आधीच सांगा: त्या मुंग्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि चावतातही सणसणीत.

खरी भीती क्नोलेनब्लेटरपिल्झ या जीवघेण्या विषारी अळंबीची. हिरवट टोपी, खाली पांढरे पापुद्रे, देठावर झालर, बुडाशी पिशवी. कोवळी असताना ती पांढऱ्या अंड्यात बंद असते. पेंढ्यावर वाढणारी आपल्याकडची अळंबीही अशाच पिशवीतून बाहेर येते. आशियातून गेलेली माणसं परदेशात याच सारखेपणाला फसली आहेत. 2012 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला दोघांचा जीव गेला. 2015 मध्ये जर्मनीत आलेल्या निर्वासितांनाही अशी विषबाधा झाली, तेव्हा हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने वेगवेगळ्या भाषांत इशाऱ्याची भित्तिपत्रकं काढली. ती माणसं अडाणी नव्हती. आपापल्या गावच्या अळंबीची त्यांना उत्तम ओळख होती, तुमच्या सासूबाईंसारखीच.

हे विष शिजवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण निळी होणं, गोगलगायीने कुरतडलेली असणं, यांपैकी कशावरच विसंबू नका. चवीला ती वाईट नसते, म्हणूनच घातक. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं.

म्हणून पहिल्या वर्षी नियम एकच ठेवा: टोपी उलटी करायची. खाली पापुद्रे दिसले की सोडून द्यायचं. बारीक भोकांचा स्पंज असेल आणि त्यात लाल रंग कुठेही नसेल, तरच ती शेजाऱ्यांना दाखवायची. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि मोठ्यांपेक्षा ती तो कटाक्षाने पाळतात. श्टाईनपिल्झ या स्पंजवाल्यांतलीच: तपकिरी टोपी, जाड देठ, त्यावर पांढरी बारीक जाळी. जाळी देठापेक्षा गडद असेल तर ती कडू गालेनर्योरलिंग, आणि एवढीशी पडली तरी अख्खी भाजी टाकावी लागते. पिवळी फिफरलिंग छान, जर्दाळूसारखा वास येतो, पण ती पुढच्या वर्षी.

शेजाऱ्यांनाही एक विचारून घ्या: त्यांना हे कुणी शिकवलं? आजीने, असं उत्तर आलं तर आदर ठेवा आणि तरीही तपासा. कालर क्रेम्पलिंग नावाची अळंबी जर्मन घरांत पिढ्यान्पिढ्या खाल्ली गेली. युलियुस शेफर हा स्वतः अळंबीचा अभ्यासक, तीच खाऊन 1944 मध्ये दगावला. अनेक शहरांत पिल्झबेराटुंग असतं, म्हणजे प्रमाणपत्र मिळवलेले सल्लागार तुमची टोपली बघून देतात. घरी चूल पेटवण्याआधी तिथे जा. मोबाइलमधल्या ॲपवर माझा काडीचाही विश्वास नाही. अनोळखी अळंबी दाखवायची असेल तर चाकूने कापू नका, बुडासकट उचला, कारण ती पिशवी मातीतच राहिली तर सल्लागार तरी काय ओळखणार?

आता नवऱ्याचं. ते पूर्ण चूक नाहीत. 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, त्या दिवसांत दक्षिण बव्हेरियात पाऊस झाला आणि किरणोत्सर्गी सीझियम-137 जमिनीत उतरलं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच 30 वर्षं लागतात. सगळ्या अळंब्या ते सारखं शोषत नाहीत. मारोने ही तपकिरी टोपीची स्पंजवाली अळंबी बरंच शोषते, श्टाईनपिल्झ कमी. विक्रीसाठी किलोमागे 600 बेकरेलची (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा आहे, घरी खाणाऱ्याला ती लागू नाही. मोसमात चार-दोन वेळा खाल्ल्याने काळजीचं कारण नाही. मारोने जरा हात राखून घ्या, बस्स. मला विचाराल तर त्या जंगलातली गोचीड जास्त त्रासाची. पूर्ण पायजमा, मोजे, आणि घरी आल्यावर मुलांच्या काखा-कान तपासणं हे टाळू नका.

घरापुरतं थोडंच काढा. कायद्याने तेवढीच मुभा आहे आणि राखीव क्षेत्रात तीही नाही. वेताची टोपली न्या, प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजून नासते. त्याच दिवशी निवडून नीट शिजवा, कच्ची मुळीच नको. इथे मात्र सासूबाईंना मोकळं सोडा: कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला. श्टाईनपिल्झला तो कसा लागतो, हे शेजाऱ्यांनाही कळू दे. निवडताना टाकलेले तुकडे आणि थोडी भाजी दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला उलटी झाली तर वाट न बघता म्युनिकच्या विषबाधा केंद्राला 089 19240 वर फोन करा, आणि तो डबा घेऊनच दवाखान्यात जा.