हेड गॅस्केट बदलण्यापूर्वी

मारुती ८०० चे हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टांनी बसवलेला वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे इंजिन पूर्ण गार झाल्याखेरीज बोल्टांना हात लावू नये. सैल करताना कडेकडून मधल्या बोल्टांकडे, तर आवळताना मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने जावे. उतरवलेल्या हेडवर पोलादी सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून तिच्याखाली फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाचे) ०.०५ मिलिमीटरचे पाते सरकते का ते पाहावे. सरकल्यास हेड आधी फेसिंगला (यंत्रावर घासून सपाट करायला) द्यावे, कारण वाकलेल्या हेडखाली महागडे गॅस्केटही (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) टिकत नाही. ब्लॉकवरील बोल्टांच्या भोकांत उतरलेले कूलंट चिंधीने टिपून घ्यावे. पहिल्या खेपेस मी ते विसरलो, आणि ठरलेल्या जोराइतके आवळून झाल्याची खूण म्हणून टॉर्क रेंच ‘टक्’ वाजला तरी बोल्ट प्रत्यक्षात तळाशी साचलेल्या पाण्यावरच अडला होता.