क्षार म्हणजे मीठ? मग चिपाडं खारवायची का?

फोंड्याहून विचारणा आहे : उसाच्या चिपाडांपासून इथेनॉल करण्यावरच्या एका लेखात 'क्षाराची पूर्वप्रक्रिया' असं वाचलं. क्षार म्हणजे मीठ ना? आणि 'पूर्वप्रक्रिया' हा शब्द बरोबर आहे का?

मीठ नव्हे हो! आगरवाड्याच्या मिठागरातलं पोतंभर मीठ ओतलंत तरी तंतूंना चिकटवून धरणारं लिग्निन जागचं हलणार नाही. उलट पुढे यीस्टच हैराण होईल. लेखकाला म्हणायचाय कॉस्टिक सोडा. चिपाडं काही मिलिमीटरपर्यंत बारीक करायची, वजनाच्या दहापट पाण्यात सोड्याचं एक-दोन टक्क्यांचं द्रावण, १२१ अंश सेल्सिअसला तासभर. पाणी कोऱ्या चहाहून काळं होतं, ते सुटलेलं लिग्निन. मग चोथा धुवायचा आणि सामू (pH) ५च्या आसपास आणायचा, कारण तंतूंची साखर करणारं सेल्युलेज हे विकर (एन्झाइम) तिथेच नीट चालतं. धुतलेला चोथा वाळवू मात्र नये. तंतूंतली छिद्रं मिटतात, भिजवूनही पुरती उघडत नाहीत, आणि विकर बाहेरच ताटकळतं.

घोळ पाठ्यपुस्तकांनी घातला. चांगला 'क्षार' मिठाच्या वर्गाला देऊन टाकला आणि सोड्यासाठी 'अल्क' आणला. हिंदीवाल्यांनी क्षार जागेवर ठेवून मिठाला लवण म्हटलं, शहाणे. सुश्रुत काय म्हणतो? 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः'. झिरपवतो, झिजवतो किंवा नाश करतो, म्हणून क्षार. कृतीही देतो : झाडं जाळा, एक द्रोण (हे जुनं माप) राख सहा द्रोण पाण्यात कालवा, एकवीस वेळा गाळा, मग आटवा. यात मीठ कुठे आलं? चिपाडातलं लिग्निन सोड्यात अक्षरशः क्षरतं. याहून चपखल शब्द शोधून सापडायचा नाही.

आता अल्क. मूळ अरबी 'अल्-किली', म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. पुन्हा राखच! त्यातलं 'अल्' हे नुसतं उपपद, इंग्रजी 'the'सारखं. म्हणजे आपल्या अल्कात उपपद शाबूत, आणि खऱ्या शब्दाचा उरला एकटा 'क'. कोशात आहे म्हणजे बरोबर, असं म्हणणाऱ्यांनी या 'क'कडे एकदा बघावं. ('बेस'साठीचा 'आम्लारी', आम्लाचा अरी, हा मात्र झकास जमलाय.)

हा घोळ निस्तरेतोवर लेखकांनी सरळ 'कॉस्टिक सोडा' लिहावं.

हो, पूर्वप्रक्रिया चालेल. 'पूर्वोपचार' नको, चिपाडं आजारी नाहीत.