ऊस टनात, साखर कुंटलात

प्रश्न असा आला: ‘कारखान्याच्या बातमीत १२ लाख टन गाळप आणि साडेतेरा लाख क्विंटल साखर असं वाचलं. उसापेक्षा साखर जास्त कशी? आणि टनाच्या वर मराठीत शब्द आहे का?’

बातमी बरोबर आहे, मधे माप तेवढं बदललंय. एका टनाचे १० क्विंटल. म्हणजे साखर झाली १ लाख ३५ हजार टन, आणि उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, ११.२५ टक्के, कोल्हापूरच्या उसाला शोभेल असाच. ज्याचा दर ज्या मापात बोलतात, ते माप त्याला चिकटतं. ऊसदर टनाला, साखर क्विंटलला. गुळाचे रवे (ढेपा) मोजले तरी सौद्यात दर क्विंटललाच.

बोलताना आपण सगळे ‘कुंटल’च म्हणतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अरबी ‘किंतार’मधून युरोपात जाऊन आलेला हा शब्द, मुळाशी लॅटिनमधलं ‘शंभर’ आहे. छापताना मात्र क्विंटल लिहावं.

काट्याच्या पावतीवर १८.४२० छापलेलं असतं. ते ‘अठरा पॉइंट चार दोन’ असं न वाचता ‘अठरा टन चारशे वीस’ वाचलं की किलो आपोआप कळतात. (काट्यावर चारशे वीस म्हटल्यावर लोक हसतात, तो वेगळा विषय.)

आता टनाच्या वर. जुनी खंडी २० मणांची, पण मणच गावोगाव वेगळा. बंगाली मण धरला तर खंडी साधारण ७४६ किलो, म्हणजे टनाच्या खालीच. आता ती ‘खंडीभर कामं’ यातच उरलीय. मेट्रिक पद्धत मापालाच उपसर्ग लावते: किलोटन म्हणजे हजार टन, मेगाटन १० लाख टन, गिगाटन १०० कोटी टन. मराठी माणूस माप तसंच ठेवून आकडा वाढवतो: लाख टन, कोटी टन. त्यामुळे वेगळा शब्द लागलाच नाही. ५.२ मेगाटन म्हणजे सरळ ५२ लाख टन. शास्त्रीय लेखातलं टेराग्रॅम म्हणजेही मेगाटनच. अणुबॉम्बचा किलोटन मात्र यात ओढू नका. तिथे वजन बॉम्बचं नसतं, तेवढाच स्फोट करायला लागणाऱ्या टीएनटी या स्फोटकाचं असतं.

इंधनं जाळून जग वर्षाला सुमारे ३७ गिगाटन कार्बन डायऑक्साइड सोडतं. याला ‘३७ अब्ज टन’ म्हणणं चूक नाही. पण मी ३,७०० कोटी टन लिहीन. अब्ज म्हटलं की आमच्याकडे आधी बोटांवर शून्यं मोजली जातात.